बारा पाहुणे, एक पातेलं: रविवारच्या मिसळीचा बेत

रविवारी सकाळी पाहुणे बोलावले की खिशाला चाट बसते ती बहुधा माणसांमुळे नाही, पदार्थांमुळे. इडली ठरते, मग इडलीबरोबर वडा हवा, वड्याबरोबर सांबार, मुलांना सँडविच, कुणाला तिखट चालत नाही म्हणून उपमा, आणि गोड तर पाहिजेच. प्रत्येक पदार्थाचं थोडं थोडं सामान येतं, निम्मं उरतं, आणि घरातली बाई किंवा बाप्या बारा वाजेपर्यंत गॅससमोर उभा. बाहेर गप्पा रंगलेल्या असतात, त्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

पहिल्यांदाच दहा-बारा जणांना बोलावणार असाल तर माझा सल्ला एकच: पदार्थ एक ठेवा आणि तो मिसळ ठेवा. तीन कारणं. कष्टाचं काम आदल्या दोन दिवसांत उरकतं. बारांचे चौदा झाले तर रश्श्यात दोन भांडी आधणाचं पाणी आणि चमचाभर मसाला वाढवून भागतं. आणि ज्याला जेवढं तिखट हवं तेवढं तो स्वतःच घेतो, तुम्ही मध्ये पडायचं नाही. अकराला पोटभर मिसळ खाल्लेला माणूस दुपारी जेवायचं नाव काढत नाही, म्हणजे एका बैठकीत नाश्ता आणि जेवण दोन्ही होतं. नाशिककर तर रविवारी सहकुटुंब गंगापूर रोडच्या बाजूला मिसळ खायलाच निघतात. तोच कार्यक्रम घरी करायचा आहे.

खालचा सगळा हिशेब आठ मोठे आणि चार मुलं असा धरला आहे.

आधी माणसं, मग सामान

तारीख पक्की करण्याआधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. रविवारी संकष्टी किंवा एकादशी आली तर निम्मे पाहुणे उपाशी बसतील आणि तुम्हाला वेगळी साबुदाण्याची खिचडी करावी लागेल. चातुर्मासात काही घरांत कांदा-लसूण वर्ज्य असतो. जैन मित्र येणार असतील तर कांदा, लसूण, बटाटा नाहीच, पण बरेच जण मोड आलेलं कडधान्यही खात नाहीत. तिथे मिसळीचा हट्ट धरू नका, बेतच बदला. हे सगळं एका मेसेजमध्ये विचारून होतं: "रविवारी मिसळ करतोय, कुणाचा उपास किंवा पथ्य आहे का?" एकटा-दुकटा उपासवाला असेल तर त्याच्यापुरता वाटीभर साबुदाणा आदल्या रात्री धुऊन, जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात ठेवून द्या. सकाळी दाण्याचं कूट, जिरं, मिरची घालून पाच-सात मिनिटांत खिचडी होते.

वेळ साडेदहाची सांगा. लोक अकराला येतात. साडेअकराची सांगितलीत तर पानं घ्यायला साडेबारा होतील आणि मग कुणीतरी वरण-भाताची वाट बघत बसेल.

"काय आणू?" असं जवळच्या माणसाने विचारलं तर "काही नको गं" म्हणू नका. ती काहीतरी आणणारच, आणि मग फ्रीजमध्ये तीन प्रकारची मिठाई पडून राहते. सरळ सांगा, "येताना अर्धा किलो गरम जिलेबी घेऊन ये." गोडाचा प्रश्न मिटला. हे मात्र बहीण, मैत्रीण, शेजारी एवढ्यांनाच. पहिल्यांदा घरी येणाऱ्याला किंवा वडीलधाऱ्यांना असं काम सांगायचं नसतं. कुणालाच सांगण्याजोगं नसेल तर तीन वाट्या रव्याचा शिरा करा, तूप-साखर घरात असतेच.

बाजार

मटकी सुकी सहाशे ग्रॅम, म्हणजे माणशी पन्नास. मोड आल्यावर ती दीड किलोच्या आसपास भरते, काळजी नको. पाव मोजताना लादी मोजू नका, पाव मोजा. कुठे लादीत सहा असतात, कुठे आठ. मोठ्यांना तीन-तीन आणि मुलांना दोन-दोन धरून बत्तीस होतात, छत्तीस घ्या. फरसाण सहाशे ग्रॅम. शेव, पापडी, गाठी असलेलं तिखट फरसाण घ्या, मनुका आणि साखर घातलेला गोडसर चिवडा नको. दुकानात एक चिमूट तोंडात टाकल्याशिवाय घेऊ नका. खवट तेलाचं फरसाण चांगल्या रश्श्याचं वाटोळं करतं, आणि वर कितीही लिंबू पिळलं तरी ती चव लपत नाही.

कांदे दोन किलो, जाड पोहे अर्धा किलो, सुकं खोबरं दीडशे ग्रॅम, लसणाचे दोन गड्डे, आल्याचा मोठा तुकडा, आठ लिंबं, कोथिंबिरीची जुडी, पाव लिटर तेल, तीन लिटर दूध. कांदा-लसूण मसाला घरात असेल तर उत्तम, नसेल तर छोटं पाकीट. रंगासाठी ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड चार चमचे. खसखस घालायची पद्धत आहे, पण तिचा भाव बघता मी ती सोडते. त्याऐवजी मूठभर डाळं वाटणात टाकलं की रश्श्याला तोच दाटपणा येतो.

आता पैसे. भाव गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, तरी शहरातला ढोबळ हिशेब असा: मटकी नव्वद रुपये, फरसाण एकशे ऐंशी, पाव एकशे साठ, कांदे साठ, पोहे तीस-चाळीस, खोबरं साठ-सत्तर, तेल पंचेचाळीस, मसाला आणि मिरची पन्नास, दूध दोनशे, लिंबू-कोथिंबीर-आलं-लसूण ऐंशी. शिरा केलात तर त्याचे दीड-दोनशे. चहा-साखर धरून हजार ते बाराशे. माणशी शंभर रुपये समजा, त्यात मठ्ठा, चहा, गोड सगळं आलं. पैसे खरे वाचतात ते कागदी द्रोण-प्लेटा, बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक आणि "असू दे" म्हणून आणलेली वेफर्सची पाकिटं टाळून. खोलगट वाडगे कमी असतील तर शेजारून सहा मागून आणा. मिसळ नेहमीच्या आमटीच्या वाटीत मावत नाही आणि सपाट ताटलीत सांडते, हे आधीच बघून ठेवा.

गुरुवार रात्र आणि शुक्रवार

मटकी निवडा. तिच्यात बारीक खडे असतात आणि ते नेमके कवळी लावलेल्या आजोबांच्या दाताखाली येतात. तीन पाण्यांनी धुऊन भरपूर पाण्यात रात्रभर भिजत घाला.

शुक्रवारी सकाळी पाणी काढा. ज्या दाण्यांनी पाणीच प्यायलेलं नाही, जे बोटाला टणक लागतात, ते वेचून टाका. शिजवूनही ते मऊ होत नाहीत. मग ओल्या पंचात घट्ट बांधून चाळणीत ठेवा, खाली भांडं, वर झाकण. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड दिसतात, थंडीत शनिवारची सकाळ उजाडते. म्हणूनच गुरुवारपासून सुरुवात. शनिवारी भिजवून रविवारी मोड येतील या भरवशावर डिसेंबरात राहू नका. मोड दाण्याएवढे झाले की लगेच डब्यात भरून फ्रीजमध्ये, नाहीतर ते लांबत जातात आणि उसळ गवतासारखी लागते. वास आंबूस आला किंवा हाताला चिकट लागली तर ती मटकी गेली असं समजा.

परदेशात असाल तर मटकी भारतीय दुकानात मिळते, थंडीत मोड येत नाहीत ही खरी अडचण. ओव्हन बंद ठेवून आतला नुसता दिवा लावा आणि बांधलेली मटकी आत ठेवा, तेवढी ऊब पुरते. पावाला कमी गोड डिनर रोल चालतात. ब्रिओशच्या वाटेला जाऊ नका, लोणी आणि गोडी रश्श्याला मारते.

शनिवार: सगळा खेळ वाटणाचा

अर्धा-पाऊण किलो कांदा उभा चिरा. लोखंडी कढई असेल तर तीच घ्या. दोन चमचे तेलावर कांदा मध्यम आचेवर परता, आणि इथे घाई करू नका. कांदा आधी पांढरा, मग पारदर्शक, मग कडेने तांबूस होतो. बहुतेक नवशिके इथेच थांबतात. अजून पाच-सात मिनिटं हवीत, कांदा आक्रसून गडद तपकिरी झाला पाहिजे, पण काळा नाही. मिसळीचा रंग आणि तो हॉटेलसारखा वास इथून येतो, विकतच्या मसाल्यातून नाही. कांदा काढून त्याच कढईत किसलेलं खोबरं कोरडंच भाजा. ते डोळ्यांदेखत करपतं, त्या वेळी फोन उचलू नका. मग धणे, जिरं, तीळ, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि असेल तर चिमूटभर दगडफूल गरम करून घ्या. सगळं गार झाल्यावर आलं, लसूण, डाळं घालून थोडं थोडं पाणी टाकत गंधासारखं वाटा. भरड राहिलं तर रस्सा पाणी आणि चोथा असा वेगळा होतो.

इथपर्यंत सगळेच करतात. आता वेळ वाचवणारी गोष्ट: हे वाटण शनिवारीच तेलावर परतून ठेवा. अर्धी वाटी तेल, त्यात मोहरी-हिंग, मग वाटण, हळद, तीन-चार चमचे कांदा-लसूण मसाला, आणि कडेने तेल सुटेपर्यंत मंद आच. पंधरा-वीस मिनिटं लागतात. गार करून डब्यात भरा. चार लिटर रस्सा मावेल एवढा फ्रीज कुणाकडे नसतो, पण हा डबा एका कोपऱ्यात बसतो, आणि रविवारी त्यात फक्त पाणी घालायचं उरतं.

रात्री झोपताना एक लिटर दुधाला विरजण लावा. थंडी असेल तर दूध जरा जास्त कोमट हवं आणि भांड्यावर टॉवेल गुंडाळा. बेकरीवाल्याला छत्तीस पावांचं सांगून ठेवा, रविवारी नऊनंतर लाद्या संपतात. कांदा-कोथिंबीर मात्र आदल्या रात्री चिरू नका. रात्रभर डब्यात राहिलेल्या चिरलेल्या कांद्याला उग्र वास येतो आणि तो अख्ख्या फ्रीजला लागतो.

रविवार

आठ वाजता सुरुवात केली तर धावपळ होत नाही.

पहिल्या शेगडीवर मोठ्या पातेल्यात चार लिटर पाण्याचं आधण. माणशी तीनशे-साडेतीनशे मिलिलिटर रस्सा धरायचा, कारण मिसळीचा दुसरा आणि तिसरा फेरा रश्श्याचाच असतो. दुसऱ्या शेगडीवर उसळ: तेल, मोहरी, हिंग, हळद, थोडा कांदा, मटकी, मीठ आणि झाकणावर पाणी. कुकर नको, त्यात मटकीचा लगदा होतो. ताटलीतलं गरम पाणी थोडं थोडं आत सोडत पंधरा-वीस मिनिटांत दाणा बोटाने दाबला की फुटेल असा शिजतो. बस. शेवटी गुळाचा खडा.

आधण उकळलं की वाटणाचा डबा त्यात रिकामा करा. गार पाणी कधीही नाही, गार पाण्याने वर आलेलं तेल दबतं आणि तवंग धरत नाही. चार आमसुलं टाका, मीठ बेताचं घाला. फरसाणात मीठ आहे, पाकिटातल्या मसाल्यातही बहुधा असतं, तेव्हा चाखताना रस्सा किंचित अळणी लागला तर तो बरोबर आहे. वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळू द्या, मग गॅस बारीक.

हा रस्सा मुद्दाम मध्यम तिखट ठेवायचा. खरं तिखट वेगळ्या भांड्यात: तर्री. लहान कढल्यात उरलेलं अर्ध्या वाटीहून थोडं जास्त तेल तापवा आणि गॅस बंद करा. मिनिटभर थांबा. आता मिरची पुडीची एक चिमूट टाकून बघा. बारीक फेस येऊन ती लाल राहिली तर तेल तयार आहे, लगेच काळी पडली तर अजून गरम आहे, आणखी थांबा. मग मिरची पूड चार चमचे आणि कांदा-लसूण मसाला एक चमचा एकदम टाका, चमच्याने एकदाच फिरवा आणि लगोलग डावभर गरम रस्सा त्यात ओता. सर्रकन आवाज होतो, थोडं उडतं, तोंड लांब ठेवा. पण त्या रश्श्याने मिरची करपायची थांबते आणि वर लालभडक तेल तरंगतं. ही तर्री टेबलावर वेगळी ठेवली की कोल्हापूरकडचे जावईबापू तीन डाव घेतील आणि सासूबाई एकही नाही, आणि दोघंही खूश.

मध्येच पोहे. अर्ध्या किलोचे साधे कांदेपोहे, मिरची अगदी नावाला. हे एका दगडात दोन पक्षी आहेत. मुलं हेच खातात, आणि मोठ्यांच्या वाडग्यात तळाला दोन चमचे पोहे घातले की मिसळ पुणेरी वळणाची होते आणि पोटाला भर येते. मटकी कमी पडेल अशी धास्ती असेल तर पोहे वाढवा, मटकी नको.

शिरा करायचा असेल तर दहाच्या आधी. सव्वादहाला कांदा-कोथिंबीर चिरा, लिंबं कापा. मठ्ठा: एक लिटर दुधाचं दही, दोन लिटर पाणी, आलं-मिरचीचं वाटण, जिरेपूड, पादेलोण, किंचित साखर, कोथिंबीर, रवीने घुसळून फ्रीजमध्ये. अर्धी वाटी दही बाजूला काढून ठेवा. पावणेबाराला एखादे काका "थोडा दहीभात असता तर..." असं हळूच म्हणणार, आणि कालचा वाटीभर भात घरात असला की त्यांचं भागतं.

पाव भाजू नका, लोणी लावू नका. मिसळीला ताजा मऊ पावच लागतो, लोणी पावभाजीला. कोल्हापुरात तर जाड कापांचा ब्रेड देतात, तोही साधाच. पाव कालचे असतील तेवढेच चाळणीत घालून रश्श्याच्या वाफेवर मिनिटभर धरा.

वाढताना

क्रम असा: पोहे, उसळ, फरसाण, रस्सा, कांदा, कोथिंबीर, लिंबू. फरसाण माणूस वाडगा घेऊन समोर उभा राहिल्यावरच. बारा वाडगे आधी भरून ओळीने लावून ठेवण्याचा मोह होतो, फोटोही छान येतो, पण पाच मिनिटांत फरसाणाचा लगदा होतो आणि रस्सा सगळा आत शोषला जातो.

रश्श्याचं पातेलं सगळा वेळ बारीक गॅसवर राहू द्या आणि डाव खालपर्यंत घालून ढवळून वाढा. वरवरचा रस्सा काढत गेलात तर पहिल्या चौघांना सगळं तेल जातं आणि शेवटच्यांना तळाचा चोथा. वडीलधाऱ्यांना बसल्या जागी नेऊन द्या, बाकीच्यांना सरळ सांगा, "आपापलं घ्या." यात काही कमीपणा नाही, उलट लोक स्वयंपाकघरात येतात आणि गप्पा तिथेच होतात. टेबलावर चांगला कापड घालू नका. हळद आणि तर्री यांचे डाग ऊन दाखवलं तरी पुरते जात नाहीत, जुनी वर्तमानपत्रं पसरा. जमिनीवर बसणार असाल तर सतरंजीवरही तेच.

चहा शेवटी एकदाच, सगळ्यांना मिळून. आल्या आल्या चहा ठेवलात तर एक शेगडी अडकते आणि भूकही मरते. आलेल्याच्या हातात मठ्ठ्याचा पेला द्या. उन्हाळ्यात हे लोकांना चहापेक्षा बरं वाटतं, थंडीत मात्र एखाद-दोघं कुरकुरतील, त्यांना द्या चहा.

उरलंच तर रस्सा उरतो. उसळ आणि रस्सा कधी एकत्र करून ठेवू नका, मटकी रात्रभर रस्सा पिते आणि सकाळी सगळं घट्ट होतं. वेगवेगळ्या डब्यांत गार करून फ्रीजमध्ये ठेवा, सोमवारी संध्याकाळी रश्श्यात बटाटेवडे सोडले की कटवडा होतो, अंडी खाणाऱ्यांनी उकडलेली अंडी सोडावीत. पाहुण्यांबरोबर रस्सा द्यायचा असेल तर स्टीलच्या फिरकीच्या डब्यात द्या. प्लास्टिकच्या डब्याला तर्रीचा रंग धरतो, आणि दाबून लावायचं झाकण रिक्षात हमखास उघडतं.